पौषातला वैशाख

"दम धरा, मास्तर."

ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो, हे तुम्हा एसटीनं फिरलेल्यांना सांगायला नको. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. "उशीर झालाय, काढा गाडी," असं मी कितीही ओरडलो तरी हा माणूस आधी आरसा पुसणार, टायरला लाथ मारून बघणार, लांबून धावत येणारी म्हातारी दिसली की तिला चढू देणार आणि वर मलाच म्हणणार, "दम धरा, मास्तर." पाथरीच्या गाडीवर आठ वर्षं मी हे ऐकलं. डोकं फिरायचं माझं.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी परत येईलच, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगत नव्हतं. एकदा एका फाट्यावर घोळका आडवा आला आणि दगड सुरू झाले. प्रवासी सीटखाली गेले. मीही गेलो, खोटं कशाला बोलू? उस्तादांनी मात्र गाडी तशीच पुढं काढली. खिडकीतून आलेला एक दगड त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. पुढच्या गावात लोक विचारायला लागले, "कुणाची पोरं व्हती? कोणत्या वस्तीची?" उस्ताद खांदा चोळत म्हणाले, "दगड व्हता. दगडाला काय वस्ती असती का?" डेपोत नाही, घरी नाही, कुठंच त्यांनी वेगळं उत्तर दिलं नाही.

खांदा मात्र धरला तो धरलाच. उन्हाळ्यात निभायचं. थंडी पडली की हात कानापर्यंतसुद्धा जाईना. त्या काळी वळायचं तर ड्रायव्हर खिडकीतून हात काढून मागच्याला इशारा द्यायचा. उस्तादांचा हात निघत नसे, तेव्हा मागच्या खिडकीतून मी माझा काढायचो. हे आम्हा दोघांतलंच होतं. कुणाला कळलं असतं तर काही खरं नव्हतं.

आणि ऐन पौषात डॉक्टरी तपासणी लागली. हात सरळ डोक्यावर नेऊन दाखवायचा. नाही गेला तर स्टिअरिंग सुटलं, गाड्या धुवायच्या कामाला लागा. उस्तादांची झोप उडाली. गाडी हाच त्यांचा जीव होता.

शाळेच्या पटांगणावर एक रिटायर गुरुजी आसनं शिकवत. उस्ताद तिकडं जायला लागले. ताडासनात सगळ्यांचे दोन्ही हात आभाळाकडं, यांचा एकच. गुरुजी म्हणाले, "गार अंग वळत नाही. आधी ऊब घ्या." उस्तादांनी ते भलतंच मनावर घेतलं.

"मास्तर, वैशाखात इंजिनाशेजारी बसून हात कसा लोण्यावानी फिरतो? मंग पौषात वैशाख आणू की घरातच!"

"आणि खर्च?"

"घरात हाय त्यातच भागवायचं."

न्हाणीघर निवडलं. वर पत्रे होते. कापसाच्या जिनिंगवाल्याकडनं फाटकं बारदान मागून आणलं, पत्र्याखाली ताणून बांधलं. खाली भंगारातलं रेक्झिन अंथरलं. कोपऱ्यात कोळशाची शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं. तरी दाराच्या फटींतून ऊब पळून जायची.

आता ऐका. उस्ताद मोठे सुगरण. मुक्कामाच्या गावी हंडीत मटण-भात लावायचे आणि झाकणाच्या कडेला कणीक लिंपून दम द्यायचे. त्यांच्या डोक्यात तेच शिजलं. "दाराला दम द्यायचा, मास्तर. हंडीवानी."

उस्तादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, परात घेऊन उभ्या. "खायची कणीक दाराला लावायलेत! शिजा तुमी आत, मंग ताटात वाढून घेते!" आम्ही पोट धरून हसलो. उस्ताद आत जाऊन बसले आणि हसत हसतच आम्ही बाहेरून सगळ्या फटी लिंपल्या. मीच लिंपल्या, माझ्या या हातांनी.

झालं की आतून दार वाजवायचं, असं ठरलं होतं. मी पायरीवर चहा घेऊन बसलो. वहिनी अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होत्या. आधी आतून मोठमोठे श्वास ऐकू येत होते, मग येईनासे झाले. थोड्या वेळानं आवाज आला, "दम..."

"धरलाय, उस्ताद. सावकाश होऊ द्या."

परत आवाज आला, आता बारीक. "मास्तर... दम..."

मी वहिनींना म्हटलं, "बघा, आत बसूनसुद्धा मलाच दम धरायला सांगायलेत!"

वहिनींचा भाकरीवरचा हात थांबला. "'धरा' कुठं म्हणले ते?" त्या ताडकन उठल्या. "दम कोंडलाय त्यांचा! उघडा आधी!"

दार हलेना. लाकूड वाफेनं फुगलं होतं, कणीक वाळून दगड झाली होती. मी वेड्यासारखा ओढत राहिलो. शेवटी वहिनींनी सरपणाची कुऱ्हाड आणून बिजागरी उखडली. उस्ताद रेक्झिनवर कुशीला पडलेले, डोळे अर्धवट उघडे. ओढत अंगणात आणलं. वहिनी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि ओरडत होत्या, "चुलीत गेली तुमची तपासणी! उठा! उठा म्हणते ना!" किती वेळ गेला देव जाणे. मग ते खोकले, ओकले आणि माझ्याकडं बघून पुटपुटले, "बोलायलो व्हतो की, मास्तर."

"ऐकलं मी," म्हणालो आणि तिथंच बसून ढसाढसा रडलो.

बंद खोलीत कोळसा पेटवला म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांना उभं-आडवं झाडलं. पुढं कारभार वहिनींनी हातात घेतला. दाराच्या जागी गोधडी, तीही खालून अर्धी उघडी. चुलीत विटा तापवायच्या, घमेल्यात घालून आत ठेवायच्या, वर पाणी शिंपडायचं. स्वतः बाहेर बसून त्या बडबडत राहायच्या आणि उस्तादांनी प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं. पंधरा दिवसांत हात कानाच्या वर गेला.

तपासणीला मी सोबत गेलो. भर दुपार होती, छान ऊन होतं. "हात वर," डॉक्टर म्हणाले. उजवा हात सरळ छताकडं! दारातून बघताना मला शिट्टी मारावीशी वाटली. डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं.

"साहेब," उस्ताद म्हणाले, "आत्ता जायलाय. सकाळच्या गाडीला न्हाई जात."

बाहेर आल्यावर मी त्यांचा दंडच धरला. "काय केलं हे? मी काढत होतो ना हात? चाललं होतं की आपलं!"

"मास्तर, मी आतून बोलायलो व्हतो. तुमी हाताच्या अंतरावर व्हते, तरी तुमाला भलतंच कळलं. मागून येणारा टरकवाला तर आपल्याला वळखत बी न्हाई. त्याला काय कळंल?"

मी त्यांचा दंड सोडला. राग मात्र आला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. आता ते नाहीत, म्हणून त्या आठवड्याची जास्तच लाज वाटते.

त्यांना गाड्या धुवायला लावलं. पहिल्याच सकाळी कडाक्याची थंडी होती. पाथरीची गाडी फलाटाला लागली. नवा ड्रायव्हर काच बघून चिडला, "अर्धीच पुसलीय! वरची कोण पुसणार?" खरंच, समोरची काच खाली लख्ख होती आणि वर धूळ तशीच होती. उस्ताद बादली घेऊन पाठमोरे पुढच्या गाडीकडं चालले होते. मी खाली उतरलो, बंपरवर चढून वरची काच पुसली, आत गेलो आणि डबल बेल दिली.