मोहाखाली केलेली यादी

रहस्यकादंबरी लिहायची माझी पद्धत सरळ आहे. आधी वही, वहीत तीन रकाने: कोण, कुठे, किती वाजता. कथानक नंतर. वरोऱ्याच्या घरात बसून अशी अकरा पुस्तकं झाली. बसस्थानकाच्या स्टॉलवर ती पाण्याच्या बाटल्यांशेजारी खपतात. बाराव्यात एक बाई जंगलातून नाहीशी होणार होती. म्हणून मार्चअखेरीस गडचिरोलीकडच्या एका गावी गेले. तिथल्या अंगणवाडीताई माझ्या जुन्या वाचक. मी त्यांच्याकडेच उतरले.

पहाटे बायका मोहफुलं वेचायला गेल्या, मीही गेले. कोणाचं झाड कुठलं, कोण एकटी जाते, कधी परतते, सगळं नावांसकट उतरवलं. दुसऱ्या दिवशी कुणी माझ्याशी बोलेना. मला संशय आला तो ताईंचाच. त्यांनीच बायकांचे कान भरले असणार.

हातपंपावर एकीने विचारलंच.

"बाई, आमची नावं काऊन लिहून राह्यल्या?"

"कादंबरीसाठी."

"कादंबरीत पोलीस येते?"

"शेवटी येतो."

"मंग आधी कोन येते, थेही सांगा!"

कुणी हसलं नाही. ताईंनी मला बाजूला घेतलं.

"तुमी उद्या वरोऱ्याले जाल, मले इथीच राहाचं हाय. आमच्याकडे मानूस नावाची यादी कोनासाठी करते, माहीत नाई का? एक तर जंगलातल्यायसाठी, नाईतर पोलिसासाठी. अन् तुमाले गावात आनलं कोनं?"

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात लावला नाही.

"मले नोको. सगळ्यायसमोर वाचा."

वाचली. प्रत्येकीचं नाव, झाड, वेळ. मोठ्याने वाचताना ते मलाही कादंबरीचं वाटेना. मध्येच एका म्हातारीने थांबवलं.

"माह्यं झाड नाल्याच्या अल्याड हाय. खोटं तरी नोको लिहू!"

आता मात्र हशा झाला. तिनेच पानं मागून घेतली, बादलीत बुडवली आणि शाई निघेपर्यंत चोळली.

दुपारच्या एसटीने मी निघाले. ताई थांब्यापर्यंत आल्या नाहीत. त्यांनी ते बरंच केलं. कथेतली बाई मग मी कापूस बाजारातून नाहीशी केली.

पुस्तक छापून आल्यावर ताईंना पाठवलं. फोन आला.

"आमचं गाव नाई ना त्याच्यात?"

"नाही."

"नक्की?"

"एक झाडसुद्धा नाही."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.