बाईंसाठी आणलेले हिरवे ऑलिव्ह

हिरवे ऑलिव्ह घरी मुरवायचे आहेत, नागपुरात चांगले कुठे मिळतील, असं दोघा-तिघांनी या ब्लॉगवर विचारलं. आता काय, कुठल्याही मोठ्या दुकानात बरण्या रांगेनं उभ्या असतात. मी मात्र ते शोधायला सत्तरच्या दशकात उमरेडहून निघालो होतो. तो प्रवास सांगायची मला आजही लाज वाटते. तरी सांगतो.

आम्ही उमरेडचे कोष्टी. घरात दोन माग होते, आणि विणलेली लुगडी नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्याकडे पोचवायचं काम माझं. आमच्या शाळेतल्या मेरीबाई निवृत्त होऊन कामठीला एकट्या राहत होत्या. मूळच्या गोव्याच्या. मला इंग्रजी वाचता येतं ते त्यांच्यामुळे. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते. एकदा भेटायला गेलो तर म्हणाल्या, आई इस्टरला हिरवे ऑलिव्ह मुरवायची, ती चव मरायच्या आधी एकदा जिभेवर यावी. मी छाती फुगवून म्हणालो, नागपुरात काय मिळत नाही बाई, इस्टरच्या आधी आणून देतो. मग त्यांनी पारख शिकवली. फळ टणक हवं, दाबलं तर बोटाला उलटं लागलं पाहिजे, मिठाचं पाणी गढूळ नको. घरी आणून धुवायचं, कोरडं करायचं आणि लसूण, मिरी, व्हिनेगर नि तेलात आठवडाभर ठेवायचं. तुम्हीही असंच करा, चुकणार नाही.

इस्टरला दहा-बारा दिवस असताना सकाळच्या छोट्या गाडीनं निघालो. ही नॅरोगेज गाडी इतकी निवांत चालायची, की इतवारी येईपर्यंत शेजाऱ्याच्या घरातली सगळी भांडणं पाठ व्हायची. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खाल्ले, नाकातोंडातून पाणी आलं, आणि व्यापाऱ्याकडे गेलो. एका लुगड्यात दोन धागे तुटले होते. ती घडी मीच आधी उलगडून दाखवली. आमच्या घरची रीतच तशी. बाबा म्हणायचा, "दोष आपण दाखवला त शरम नाही. त्यानं पाह्यला त शरम." व्यापाऱ्यानं मान डोलावली आणि मी ताठ मानेनं बाहेर पडलो.

मग लकडगंज. ठोक व्यापाऱ्यांची चार-पाच दुकानं पालथी घातली. एकानं आवळे दाखवले, दुसऱ्यानं मलाच विचारलं की हे औषध आहे का. उन्हानं टाळकं सडकलं होतं. सायकलरिक्षा करून सदरला गेलो. तिथल्या जुन्या जनरल स्टोअरच्या मालकाला ऑलिव्ह ठाऊक होते. पण माल मुंबईवरून मागवावा लागते, पंधरा दिवस लागतील, नाव लिहून ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी नाव लिहून दिलं. पण तोवर इस्टर होऊन जाणार होता, आणि मी बाईंपुढे केवढी फुशारकी मारली होती!

परत इतवारीत आलो तर एका लोणचेवाल्याकडे मिठाच्या पाण्यातली भोकरं दिसली. हिरवी, गोल, आत एकच बी, गर मात्र चिकट. आमच्याकडे त्यांचं लोणचं घालतात. मनात पाप आलं. बाईंना दिसतंय कुठे? एक काचेची बरणी घेतली, भोकरं भरली आणि कामठीची बस पकडली.

बाईंनी बरणी दोन्ही हातांत धरली, अगदी तान्हं मूल धरावं तशी. मुरवायच्या आधी एक चाखून बघते म्हणाल्या. बराच वेळ चघळत राहिल्या. मी दाराकडे बघत होतो.

"चिकट लागतंय रे गणपत," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "डोळे गेले, आता जीभही गेली वाटतं माझी."

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. मी काय म्हणालो? "वयानं होते तसं, बाई."

पंधरा दिवसांनी सदरच्या दुकानातून खरी बाटली घेतली. फळ टणक, पाणी नितळ. धावतपळत कामठी गाठली. शेजारीण बाईंच्या स्वयंपाकघरात वरणाची चव घेऊन मीठ पुरेसं आहे का ते सांगत होती. स्वतःच्या जिभेवर आता भरवसा नाही म्हणून बाई तिला रोज बोलवायच्या. ते पाहून मी घाईनं बाटली बाईंपुढे ठेवली. या वेळचा माल फार चांगला आहे, एक तरी खा, असं मी परोपरीनं विनवलं. बाईंनी बाटली माझ्याकडेच सरकवली.

"माझ्यावर कशाला वाया घालवतोस? तू खा, आणि मला सांग कसं लागतं."

मी एक तोंडात टाकलं. आधी खारट, मग किंचित कडू, आणि मागून लोण्यासारखं काहीतरी जिभेवर रेंगाळतं, असं सांगितलं.

"हो," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "अगदी तसंच लागायचं."

बाटली त्यांनी माझ्या बाबासाठी परत दिली. बाबानं एक चाखून तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "काहून आणलं गा हे?" मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. जीभ शाबूत असून ती गेली असं समजूनच गेल्या.

आता माझ्या घरीही ऑलिव्ह मुरवतात. सून बरणी उघडते, नातवंडं तुटून पडतात, मी बाहेर जाऊन बसतो. जन्मभर व्यापाऱ्यांपुढे लुगड्यातला दोष मी आधी उलगडून दाखवला. ही एक घडी तेवढी दाबून ठेवली होती. आज तुमच्यापुढे उलगडली, पण ज्यांना दाखवायची होती त्या बघायला नाहीत.