आप्पांचा आभाळावरचा संशय

"उठा! उठा तितनं! सवण्याखाली कुणी बसवलं पाव्हण्यास्नी?"

आप्पांच्या या आरोळीनं गल्लीतल्या टांग्याचा घोडा जागच्या जागी फिरून थेट नाक्यावर जाऊन उभा राहिला, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. घोडा आज हयात नाही म्हणून हसतात. पण कुर्डुवाडीहून आप्पांची मुलगी बघायला आलेली मंडळी पोह्यांच्या बश्यांसकट उठून भिंतीला पालीसारखी चिकटली, हे मी स्वतः पाहिलंय. कारण त्या स्थळाचा मध्यस्थ मीच होतो. मुलगा माझा शाळासोबती, कुर्डुवाडीत रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आणि मी सोलापुरात आप्पांच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू.

सवणं म्हणजे माळवदाला, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपराला, उजेडासाठी ठेवलेलं भोक. इतरांच्या घरात त्यातून ऊन येई. आप्पांच्या घरात प्रलय येणार होता. "आभाळातनं धोंडा सुटला तर पयला हितनंच घुसणार," ते म्हणत. "भोक दिसल्यावर कोण सोडतंय?" म्हणून सवण्याखालची फरशी कायम मोकळी. तिथं ना खाट, ना रांजण. मांजर बसलं तरी त्याला उठवून, समजावून दुसरीकडे बसवत.

आप्पांचं चादरींचं दुकान होतं आणि घराच्या पाठीमागे चार माग खडखडत असत. व्यापारी माणूस, संशयी असायचाच. गिऱ्हाईक हसलं तरी संशय, नाही हसलं तर जास्त. पण हा संशय पृथ्वी सोडून वर गेला तो लोणारला. चादरी विकायला ते एकदा बुलढाण्याकडे गेले होते. तिथल्या कुणा मास्तरानं त्यांना लोणारचं तळं दाखवलं आणि सांगितलं, "हा खड्डा आभाळातून पडलेल्या दगडानं झालाय." दुसरा कुणी असता तर नमस्कार करून परतला असता. आप्पांनी त्या अफाट खड्ड्याला चक्कर मारली आणि मास्तरांची कॉलर धरली. (मास्तर इथं असते तर म्हणाले असते, नुसता हात धरला. पण गोष्ट मी सांगतोय.) "खड्डा बघितला. दगड कुटं हाय?"

मास्तर म्हणाले, "तो वितळला, त्याची वाफ झाली."

"एवढ्या दगडाची वाफ? आन् खड्डा तेवढा जाग्यावर? कुणीतरी दडवलाय की!"

तेव्हापासून आप्पा आभाळाकडे बाकीदाराकडे बघावं तसे बघू लागले. पूर्वी पृथ्वीवर डोंगराएवढी जनावरं होती आणि ती एकाएकी नाहीशी झाली, हे मीच त्यांना एकदा वाचून दाखवलं. "बहुतेक थंडीनं मेली म्हणतात, आप्पा." आप्पांनी पान तसंच गालात ठेवलं. "हातभर जाड कातडी, आन् थंडीनं? आमच्या दुकानात आली न्हाईत म्हणून मेली म्हण की! धोंडा पडला आसंल. सांगत न्हाईत." पुढे काही वर्षांनी शास्त्रज्ञही दगडाचंच नाव घेऊ लागले. मी मोठ्या आनंदानं ते सांगायला गेलो, तर आप्पांचा चेहरा काळवंडला. "आता कबूल करत्यात? म्हंजे दुसरा निघाला."

हे सगळं ऐकायला गोड. पण त्यांची एकुलती एक मुलगी महानंदा हिच्या लग्नाचा त्यात बळी चालला होता. आप्पा मुलाची पत्रिका बघत नसत, छप्पर बघत. मुलाच्या घरी गेले की चहाआधी शिडी मागत आणि वर चढून काठीनं ठोकत. बार्शीच्या स्थळाला मोठी आडत होती, पण माळवद पोकळ वाजलं. मोडनिंबच्या मुलाला विहीरबागायत होती, पण उन्हाळ्यात घरचे सगळे अंगणात झोपतात, हे शेजारणीच्या तोंडून निघालं. दोन्ही स्थळं मोडली. आणि माझ्या मित्राच्या रेल्वे क्वार्टरवर तर पत्रा!

"पत्र्याखाली पोरगी देऊ? पापड हाय त्यो आभाळाला!"

पाहुणे गेल्यावर महानंदा दाराआडून म्हणाली, "आप्पा, दगड यायच्या आधी मी म्हातारी होईन की." तिला मुलगा पसंत होता, हे आईला, मला आणि गल्लीतल्या यच्चयावत बायकांना ठाऊक होतं. आप्पा सवण्याकडे न बघता दाराकडे बघत राहिले. मला तेव्हाच शंका आली, की हा माणूस नेमका कशाला भितोय? धोंडा येण्याला, की पोरगी जाण्याला?

त्याच पावसाळ्यात अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, स्कायलॅब, पडणार म्हणून सगळं सोलापूर हादरलं. लोकांनी बचत मोडून आंबरस-पुरी खाल्ली. रस तेव्हा संपला होता, तरी खाल्ली. एकटे आप्पा दुकानात आरामात बसून होते. "पेपरात सांगून पडतंय त्याला काय भ्यायचं? न सांगता येतंय ते खरं."

आणि श्रावणात ते न सांगता आलं.

दुपारची वेळ. आप्पा भाकरी-शेंगाचटणी खात बसले होते. महानंदाच्या आईला सगळी गल्ली अव्वा म्हणे. त्या वाढून कुठेतरी गेल्या होत्या. एकदम सवण्यातून काहीतरी धाडकन फरशीवर पडलं आणि आप्पांच्या घशातून थेट कानडी निघालं, "कल्लु बित्तु! कल्लु बित्तु!" दगड पडला! मी धावत आत गेलो. फरशीवर नारळाएवढा काळा, जळका, भोकाभोकांचा धोंडा. हात लावला तर गरम!

आता, गिरण्यांच्या भट्ट्यांतून निघणारा असला खंगर सोलापुरात पैशाला पासरी. अर्ध्या गल्लीचे खड्डे त्यानंच बुजलेले. शिवाय या आभाळातल्या दगडाला गोवरीच्या राखेचा वास येत होता. मी मान वर केली, तर अव्वा माळवदाच्या जिन्यावरून पापडांचं सूप घेऊन उतरत होत्या. श्रावणात पापड कोण वाळवतं? मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी "बाप रे, आभाळातलाच!" असं गल्लीभर ओरडत सुटलो.

आप्पांनी धोंडा उलटापालटा केला, हुंगला. मग बराच वेळ भाकरीकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "हातभर माळवदाचा उपेग झाला न्हाय. मग पत्र्यानं काय घोडं मारलंय? हितलं घर आता आभाळाच्या नजरंत आलं. पोरीला हितं ठेवण्यात अर्थ न्हाय."

अव्वांनी देवापुढे साखर ठेवली. दिवाळीनंतर लग्न झालं.

पाठवणीला आम्ही स्टेशनवर गेलो. महानंदा डब्याच्या खिडकीतून रडत होती, अव्वा खाली रडत होत्या, माझा मित्र कुणाकडे बघावं ते न कळून सिग्नलकडे बघत होता. गाडी हलली, तसे आप्पा छपराखालून निघाले आणि तिच्या खिडकीबरोबर चालत फलाटाच्या टोकापर्यंत गेले. वर नुसतं आभाळ. शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी ते तिथंच उभे होते. एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

परतताना अव्वा बायकांच्या टांग्यात बसल्या. मी आणि आप्पा मागच्या टांग्यात. माझ्या पोटात तर काही राहत नाही.

"आप्पा, तो दगड..."

"आमच्याच चुलीतनं तापून आलता," आप्पा म्हणाले. "जिन्यावर हिचा पाय वाजला, तवाच कळलं."

मी टांग्यातून पडायचाच राहिलो. "मग होकार कसा दिलात?"

आप्पा घोड्याच्या कानांकडे बघत होते.

"पोरीला जायाचं हुतं की."