आधी मामाच्या डोळ्यात

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल. आणि हसायचंच असेल तर निदान माझ्या तोंडाकडे बघून हसू नका, एवढी विनंती!

मुकुंदवाडीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. साधा बल्ब असो नाहीतर मिक्सर, लावून दाखवल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. या सवयीचा मला भारी अभिमान. म्हणजे, होता!

माझी धाकटी बहीण रेखा गंगापूरला दिलेली. तिचं बाळ दिवस भरायच्या खूप आधी आलं. एवढंसं! उचलायचीही भीती वाटावी असं. बाळाला बघायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा कच्चा असतो. वेळेत तपासलं नाही तर नजर जाऊ शकते. इथंच कॅमेऱ्यानं डोळ्याच्या आतले फोटो काढू, शहरातल्या डॉक्टर मॅडम तिथं बसून बघतील."

रेखा लगेच तयार झाली. पण फोटोआधी डोळ्यात औषधाचे थेंब टाकायचे, हे ऐकताच तिच्या सासूबाईंनी बाळ पदराखाली घेतलं.

"एवढ्याशा लेकराच्या डोळ्यात दवा? नाय टाकू द्यायची! इथं डॉक्टर नाय, कुनी नाय, नुसता कॅम्प्युटर!"

आता असल्या वेळी मामा गप्प बसेल? "मावशी, माल तपासल्याशिवाय घेऊच नये, माझं दुकानातलं तत्त्वच आहे. आधी माझ्या डोळ्यात टाकू. मला काही झालं नाही, तर मग बाळाच्या!"

"अहो दादा, ठेवा ते—" नर्सबाई ओरडेपर्यंत मी बाटली उचलून दोन्ही डोळ्यांत चांगली धार सोडली होती. जरा चुरचुरलं. रुमालानं पुसलं आणि ऐटीत म्हणालो, "बघा! झालं का काही?"

"बाटली बाद झाली," नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "बाळासाठी आता दुसरी फोडावी लागेल. आणि थांबा थोडं, मग कळेल काय होतं ते."

थांबलो. उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी मावशींनी माझ्यावर नजर ठेवली.

थोड्या वेळानं दुकानातून फोन आला. स्क्रीनवर नाव बघतो तर नुसता धूर! खिडकीकडे मान वळवली तर कुणीतरी थेट डोळ्यात हॅलोजन लावल्यासारखं झालं. मी डोळे किलकिले केले आणि मावशींनी नेमकं तेच हेरलं. माझ्या नाकासमोर बोटं नाचवत म्हणाल्या, "मामा, किती हायेत?"

"चार?"

"दोन हायेत, दोन! अगं रेखे, तुझा भाऊ आंधळा झाला! त्याच्या डोळ्यात बघ, लई मोठं काळं झालंय! उचल लेकराला, चल घरी!"

"मावशी, औषधानं बाहुली मोठी होते, त्याशिवाय आतलं दिसत नाही. थोड्या वेळानं उतरेल ते," नर्सबाई समजावत होत्या. पण ऐकतंय कोण? ज्यांना पटवायला मी स्वतःचे डोळे पणाला लावले, त्यांना आता साक्षात ब्रह्मदेवही पटवू शकला नसता!

मावशींनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, पिशवी उचलली. मी धडपडत जाऊन दार अडवलं. "बाळाला तपासल्याशिवाय मी इथून कुणालाही जाऊ देणार नाही!"

"दादा," नर्सबाई म्हणाल्या, "ते संडासाचं दार आहे."

मावशी खऱ्या दारापाशी पोचल्यासुद्धा. माझ्या अतिशहाणपणापायी पोराची नजर गेली, तर रेखाला कुठल्या तोंडानं भेटणार होतो मी?

तेवढ्यात रेखाच बोलली. आवाज बारीक, पण ठाम. "आई, दादाला घडीभर दिसंना तर तुमी एवढ्या घाबरल्या. ह्याला जल्मभर दिसलं नाय तर?"

मावशी थबकल्या. बाळाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माघारी येऊन खाली बसल्या.

"टाका," त्या म्हणाल्या. "पर मामासारखी धार नगं. थेंब टाका."

फोटो निघाले, शहरात गेले. मग कॉम्प्युटरमधून डॉक्टर मॅडमचा आवाज आला, "आजार दिसत नाही. पण पडदा अजून पुरता तयार झालेला नाही. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी दाखवत राहा." रेखाला रडू फुटलं. मीही रडलो, पण सगळ्यांना वाटलं औषधाचं पाणी गळतंय.

पंधरा दिवसांनी चक्क मावशींचा फोन. "मामा, सकाळीच या. तुमच्याबिगर जमायचं नाय." काय सांगू, छाती फुगली माझी! इस्त्रीचा शर्ट घालून गंगापूर गाठलं.

नर्सबाईंनी बाटली उघडली. मावशींनी हात आडवा धरला. "थांबा. आधी मामा."

"अहो मावशी, गेल्या खेपेला तपासलं की!"

"ती बाटली येगळी, ही येगळी. माल तपासल्याबिगर घिऊ नये, तुमीच म्हनले व्हते ना?"

मी आशेनं नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे कपाटातून दुसरी बाटली काढली. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून पेनानं लिहिलं होतं: 'मामा'.