साहेबांची बॅग

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते माझ्या थोरल्या चुलत्यांचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. लष्करातून निवृत्त होऊन ते गावाजवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटावर पहारेकरी म्हणून लागले आणि त्यांनीच मला शिकवले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पाळी सुटली की आबा प्रत्येक कामगाराचा डबा उघडून बघतात, साखर बाहेर जाऊ नये म्हणून. शाळेत असताना मी त्यांचे जेवण घेऊन जायचो, तेव्हा परतताना मलाही रिकामा डबा उघडून दाखवावा लागे.

आता मी मुंबईत बंदरावर, सहलीच्या मोठ्या जहाजावर चढणाऱ्यांच्या बॅगा तपासतो. इथे एकेक नमुने भेटतात. फाडफाड इंग्रजी बोलणारे गृहस्थ शाम्पूच्या बाटलीत दारू भरून आणतात आणि सापडले की बायकोकडे बोट दाखवतात.

परवा आमच्याच भागातले एक पुढारी आले. गळ्यात हार, मागे घोळका. जणू समुद्र जिंकायला निघाले होते. त्यांच्या माणसाने बॅग मशीनला वळसा घालून पलीकडे नेली. मी अडवली.

"कुठला रं तू?" पुढाऱ्यांनी विचारले.

"शिराळ्याचा."

"मग आपलाच की गड्या! आपल्याच माणसाची बॅग तपासतुयास व्हय?"

"आवं साहेब, आपल्या माणसापासनंच तपासायची सवय हाय आमाला."

आमचे सुपरवायझर कमरेत वाकून धावत आले आणि 'जाऊ दे' अशी खूण करू लागले. मी बॅग पट्ट्यावर ठेवली. आत विजेची शेगडी, कुकर आणि पिशवीभर कांदा-लसूण मसाला! भर समुद्रात, एवढी माणसे झोपलेल्या जहाजावर, हे खोलीत शेगडी पेटवून रस्सा करणार होते. आग लागली तर पळणार कुठे? आणि अशांच्या हाती आपण तालुका देतो.

मी शेगडी काढून घेतली.

"लय शिकलास रं," म्हणत पुढारी जहाजाकडे गेले. सुपरवायझर म्हणाले, "उद्या माफी लिहून आण. नाहीतर येऊ नकोस."

आबांना मोबाइलवर वाचणे जमत नाही. म्हणून पत्र टाकले:

"आबा, एका बड्या माणसाची बॅग तपासली म्हणून माझ्याकडून माफीनामा मागितला आहे. मी लिहून देणार नाही. तेव्हा नोकरी गेली असे समजा. मसाला मी त्यांना परत दिला, त्याने काही पेटत नाही. चार दिवसांत गावी येतो. आधी गेटावर येईन. माझी बॅग उघडून बघा आणि मगच घरी न्या."