गावाचा फेटा

मला माहेरी परत पाठवलं त्याचं कारण सासरच्यांनी सगळ्या तापीकाठाला वेगवेगळं सांगितलं. खरं कारण एवढंच, की मी दिराला उचलून आपटलं. तो पिऊन आला होता, सासूच्या अंगावर धावून गेला, म्हणून मी मध्ये पडले. आणि गंमत बघा, जिला वाचवलं तीच सासू दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून ऊर बडवत होती. ‘हाई बाई नही, रेडा शे रेडा!’ नवरा खांबाला टेकून नखं कुरतडत होता. त्याच्याबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही, त्याची तेवढी लायकी नव्हती.

बाप बैलगाडी घेऊन मला न्यायला आला. गावाची शीव ओलांडेपर्यंत नुसता बैलांच्या शेपट्या पिरगाळत होता. मला वाटलं, आता हा माणूस मला तापीत ढकलतो की काय. केळीचे मळे मागे पडले तेव्हा त्याने बैलांना हाळी दिली आणि मागे न बघताच विचारलं, ‘कोनता डाव मारा व?’

‘धोबीपछाड,’ मी म्हटलं.

बापाचे खांदे हलायला लागले. हसत होता मेला.

बाप एके काळचा गावचा पहिलवान. तालीम त्याच्याच ताब्यात असे. मी लहान असताना त्याच्याबरोबर मातीत ताक, तेल, हळद घालून ती खोऱ्याने खालीवर करायला जायची, आणि गावची पोरं यायच्या आधी त्याच्याशी झोंबायची. पदर आल्यावर आईने ते बंद केलं. पण अंगात शिरलेलं कुठे जातं? परत आले त्या वर्षी कापूस वेचून झाला की मी आणि बाप गोठ्यामागे माती उकरून तिथेच भिडायचो. आई भाकरी थापता थापता आम्हा दोघांना शिव्या घालायची. त्या शिव्या फार रसरशीत होत्या, पण छापण्यासारख्या नाहीत.

तिकिटाच्या कुस्त्या लावणारा एक ठेकेदार खांडबाऱ्याच्या बाजारात बापाला भेटला. त्याला लेडी पहिलवान पाहिजे होती, लोक बघायला तुटून पडतील म्हणून. लोक तुटून पडलेच. सुरतेला, धुळ्याला, बऱ्हाणपूरला मी खेळले. टांग्यावर भोंगा लावून माझी दवंडी पिटायचे. फलकावर माझं चित्र असायचं, त्यात रंगाऱ्याने मला पुरुषाची छाती आणि नटीचं तोंड दिलं होतं. खाकी अर्धी चड्डी, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, केस करकचून बांधलेले, अशी मी मातीत उतरले की पहिली संत्र्याची सालं यायची, मग शिट्ट्या, मग ‘अरे, बाप्या शे, बाप्या! बाईनं नाव दीसन आणेल शे!’ समोर येणारे गडी एक तर दात विचकत यायचे, नाही तर दात खात. दात विचकणारे लवकर चित व्हायचे. मी हरलेही, नाही असं नाही. हरले की लोक खूश. जिंकले की म्हणायचे, नुरा. नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. बाईच्या हातून माणूस पडतो कसा, ठरवल्याशिवाय? कितीदा ऐकलं हे! अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदाच, खापरच्या बाजारात, डोंगरातून आलेला एक तरुण गडी माझ्यासमोर उभा राहिला. त्याने इकडे तिकडे काही बघितलं नाही. मातीची चिमूट माझ्या हातावर ठेवली, माझी घेतली, आणि जीव खाऊन लढला. पडला, उठला, अंग झटकलं आणि त्याच्या बोलीत काही तरी म्हणून मोकळं हसला. मला त्यातला शब्द कळला नाही. पण तेवढं एक हसू मी जपून ठेवलंय, कारण बाकीच्या वर्षांत दुसरं कोणी तसं हसलं नाही.

बाहेरच्यांचं मी कानाआड टाकत होते. गावाचं नाही टाकता आलं. एका आखाजीला मी घरी आले होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या भागात लेकींचा सण. घरोघर सासरहून पोरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, पितरांच्या घागरीवर डांगर आणि आंबा ठेवलेला. संध्याकाळी कुस्त्या. बाप चावडीवर बसला होता तिथे पंच, म्हणजे आखाड्याचा निवाडा करणारा गावातला बडा शेतकरी, सगळ्यांदेखत म्हणाला, ‘तुन्ही पोर नुरा खेळस. बापलेक मिळीसन गावनं नाक कापी ऱ्हायनात.’

बाप उठला. डोक्यावरचा फेटा काढला, घडी करून काखेत घातला. म्हणाला, ‘गाव मन्ही पोरले जितनी म्हनीसन फेटा दी, तवयच मी डोकाले बांधसू.’

आमच्याकडे निकाली कुस्ती जिंकणाऱ्याला गाव फेटा बांधतं, आणि जिंकणारा तो काढून आपल्या उस्तादाच्या डोक्यावर ठेवतो. माझा उस्ताद बाप. तेव्हा तो कोणता फेटा म्हणत होता ते सगळ्यांना समजलं. समजलं म्हणूनच हसले.

उघड्या डोक्याने फिरणं म्हणजे काय, हे आजच्या बोडक्यांना कळायचं नाही. रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, ‘काय हो, कोन गया?’ लग्नात त्याला कोणी पुढे बसू देईना. मांडवाच्या कडेला, चपलांपाशी बसायचा. नातेवाईक आमंत्रण द्यायचे ते दारातूनच, आणि येऊ नका हे तोंडावर लिहिलेलं असायचं. आई रडायची आणि मला म्हणायची, ‘तुन्हामुळे मन्हा धनी जित्तेपनी सुतकमा बसेल शे.’ त्या फेट्यापायी मी पुढची सगळी वर्षं खेळले. सुरतेत हजार माणसं ओरडली तरी मला त्यात बापाचं टक्कल दिसायचं.

पण गावात खेळू देतील तर ना! दर आखाजीला मी पंचासमोर उभी राहायची आणि दर आखाजीला तो मिशीला पीळ देऊन तेच म्हणायचा. ‘तू गावनी लेक शे. गावना समदा पोऱ्या तुन्हा भाऊ शेतस. भाऊसंगे कुस्ती खेळशी का?’ बरं, सासरच्या गावात विचारून पाहिलं, तर तिथले म्हणाले, तू गावची सून, वहिनीच्या अंगाला हात कोण लावणार? घ्या! माहेरी लेक, सासरी सून. बाईने कुस्ती खेळावी तर परमुलखात, आणि परमुलखातली कुस्ती नुरा. काय शहाणी माणसं होती! असा पेच मला कुठल्या उस्तादाने शिकवला नाही.

मग महाराष्ट्र झाला, शाळेत झेंडा लागला, पेढे वाटले, आणि आमचा पंच होता तिथेच होता. शेवटी बापानेच डोकं चालवलं. नंतरच्या आखाजीला शेवटची जोड लागायच्या वेळी तो आखाड्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. उघडं डोकं, त्यावर वैशाखाचं उतरतं ऊन. हलगी थांबली. पोरांनी ओढलं, हलला नाही. म्हाताऱ्याला उचलून फेकायची कोणाची छाती झाली नाही, तालीम त्याच्याच हाताखाली शिकलेली. बाहेरगावचे लोक कुजबुजायला लागले. तेव्हा पंचाला मान्य करावं लागलं, की पुढच्या आखाजीला बाहेरचा गडी आणतो, जो हिचा कोणी लागत नाही.

वर्षभर मी दुसरं काही केलं नाही. पहाटे उठून तापीच्या वाळूत पळाले. बापाला गुडघे दुखत असतानाही रोज उभं केलं. आईने शिव्या दिल्या आणि म्हशीचं दूधही दिलं.

आखाजी आली. गडी धुळ्याकडचा होता, दांडगा, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो कळू नये असा. पंच गादीवर बसला होता, शेजारी फेटा घडी करून ठेवलेला, केशरी. त्याच्या मांडीखालून आणखी एका कापडाचं हिरवं टोक दिसत होतं. मला वाटलं, कोणाला तरी मानपान असेल. आखाड्याभोवती सगळं गाव. मागे बायका, झोक्यावरून उतरून आलेल्या. त्यातल्या निम्म्या माझ्याबरोबर खेळलेल्या, पण मला ओळख दाखवत नव्हत्या.

मी मातीची मूठ घेऊन हात पुढे केला. गड्याने हात पुढे केला नाही. तो वळला, पंचाकडे गेला, मांडीखालचं ते हिरवं कापड घेऊन आला. लुगडं होतं, लाल काठाचं, वर खण आणि नारळ. माझ्या हातावर ठेवलं आणि गावाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, ‘आजपासून हाई मन्ही बहीण शे. बहिणवर हात कसा उचलू?’

वाहवा झाली हो! टाळ्या! म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पंच तर असा बसला होता, जणू त्यानेच मला जन्म दिला. आता लुगडं घेऊन घरी जावं, आणि बाहेरचासुद्धा माझा भाऊच निघावा. म्हणजे उभ्या जगात माझ्याशी खेळायला कोणी उरत नव्हतं. बाप समोर उभा होता. त्याचं तोंड मी पाहिलं आणि मला असा राग आला, असा राग आला, की तो नारळ गड्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

पण आखाजी त्यांचीच नव्हती, माझीही होती. मी लुगडं बापाच्या हातात दिलं आणि गड्याला म्हटलं, ‘भाऊ म्हनस ना? मंग आखाजीले बहीण जे मागी, ते भाऊले देनं पडस. माले कुस्ती दे.’

मागून एका बाईचा आवाज आला, ‘खरं शे! देनं पडस!’ मग दुसरीचा. आखाजीला लेकीने मागावं आणि भावाने नाही म्हणावं, हे आमच्याकडे होत नाही. गड्याने पंचाकडे पाहिलं. पंचाने दुसरीकडे पाहिलं. मी माती पुढे केली. या वेळी त्याला घ्यावी लागली.

तो चिडला होता, म्हणून मला मारायलाच आला. मानेवर असे हात हाणले की डोळ्यांपुढे अंधार आला. एकदा त्याने मला खाली घेतलं, पाठीवर बसला आणि कानात घाण बोलला, नवा भाऊ माझा! त्याचं वजन मोठं होतं, पण दम कमी. मी त्याला पाठीवर घेऊन रांगले, दमवला, निसटले. समोरासमोर आलो तेव्हा तो धापा टाकत होता, हात सैल पडला. तोच धरला, खांद्यावरून ओढून घेतला आणि आपटला. धोबीपछाड. दिराला मारला होता तोच. दोन्ही खांदे मातीला लागले, आणि मी छातीवर बसून राहिले, कोणी ‘नाही दिसलं’ म्हणू नये म्हणून.

हलगीवाल्याने आपल्या मनाने हलगी वाजवली. बाकी कोणी काही केलं नाही.

पंच उठला, तशी मीही उठून उभी राहिले. केशरी फेटा उचलला आणि माझ्या अंगावरून पुढे गेला. चित पडलेल्या त्या गड्याला हाताला धरून उठवलं आणि त्याच्या डोक्याला फेटा बांधायला लागला! म्हणाला, ‘बाईना डोकावर फेटा कधी देखा शे का? लुगडं तिले भेटनं. फेटा भाऊना.’ आणि लोकांनी माना डोलवल्या. पटलं त्यांना! ज्याच्या पाठीला अजून माती होती त्याला फेटा, आणि ते त्यांना पटलं.

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण बाप पुढे आला. लुगडं त्याच्याच हातात होतं. त्याने खण आणि नारळ काढून जमिनीवर ठेवला, घडी मोडली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. माझ्यासमोर मान खाली केली.

मला आधी कळेना. मग कळलं तसं रडू फुटलं, आणि रडतच मी ते नऊवारी लुगडं त्याच्या डोक्याला गुंडाळायला लागले. लोक हसले. शिट्ट्या वाजल्या. कोणी तरी ओरडलं, ‘म्हातारा येडा झाया!’ माझे हात चुकत होते, पीळ सैल पडत होता. तो खालच्या मानेने म्हणाला, ‘मांगे पदर सोड. शेमला व्हवाले पाहिजे.’

पदर पाठीवर सोडला. तो ताठ झाला आणि निघाला. हिरवं लुगडं, लाल काठ, पाठीवर पदर, असा पूर्ण जत्रेतून, झोक्यांखालून, चावडीवर जाऊन बसला. कोणी तरी विचारलं, ‘हाई काय बांधं डोकाले?’

‘गावनं बक्षीस शे,’ बाप म्हणाला.

पुढे तो जगला तोवर सणावाराला, लग्नकार्याला तेच बांधून गेला. पंचाच्या नातीच्या लग्नातही. चपलांपाशी नाही बसला. सरळ मांडवात शिरला, वऱ्हाडापुढे पहिल्या रांगेत, पंचाच्या शेजारी जाऊन बसला. उठा म्हणायची कोणाची टाप झाली नाही. त्याच्या मागे मी उभी होते.