बोर्गहिल्डआजीची पुडी

बोर्गहिल्डआजी घराबाहेर पाऊल टाकायची ती कागदात गुंडाळलेले पाव घेऊनच. वर लोणी, त्यावर ते गोडसर तपकिरी चीज. उभा जन्म फेरीबोटीवर दोर ओढले, ते याच पुडीच्या जोरावर. स्वतःच्या लग्नालासुद्धा ती पुडी घेऊन गेली होती, आणि चर्चमध्ये पाद्रीबाबांचं लांबलं तेव्हा नवरदेवानेच ती फस्त केली, असं गावात अजून सांगतात. आधी पोटोबा, हा तिचा धर्म.

म्हणून तर सात वर्षांच्या नातवाला, सिव्हर्तला, वाऱ्याच्या बोगद्यात उडायला नेताना लेकीने, सुन्निवाने, तिला बजावलं होतं. "आई, तिथे खिशात काही चालत नाही. पुडी नेलीस तर पुढच्या वेळी मीच नेईन त्याला."

आजीने मान डोलावली. पण सुंभ जळला तरी पीळ जातो होय? दोन पुड्या पिशवीच्या तळाशी गेल्याच.

बोगदा म्हणजे काचेची उभी नळी. खालून असा वारा सुटतो, की माणूस आडवा होऊन अधांतरी तरंगतो. शिकवणारा योस्टाइन, ताडमाड पोरगा. त्याने सिव्हर्तचे खिसे तपासले, अंगावर उडायचा सूट, डोक्यावर हेल्मेट चढवलं, अंग सैल सोड म्हणून दहादा सांगितलं. पण वारा सुटला नि पोराचं पार लाकूड झालं. हातपाय ताठ, डोळे मिटलेले, योस्टाइनच्या दंडाला मगरमिठी. बाहेर आला तो रडतच. अख्ख्या वर्गाला सांगून बसला होता ना, मी उडणार म्हणून! आता एकच फेरी उरली होती, आणि हा म्हणे, मला घरी जायचंय.

उडण्यातलं आजीला ओ की ठो कळत नव्हतं. रडत्या पोराला काय द्यायचं, तेवढं कळत होतं. योस्टाइनची पाठ वळताच तिने एक पुडी सिव्हर्तच्या सूटमध्ये सारली.

"असू दे जवळ. उडून आलास की खा."

पोराने डोळे पुसले, पुडी छातीशी चाचपली नि गेला. चेन अर्धीच लागली होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

वारा सुटला. आधी कागद उडाला. मागोमाग पाव निघाले, सिव्हर्तच्या नाकासमोर गिरक्या घेत वर गेले, आणि त्यातला एक बरोब्बर आजीच्या तोंडासमोर, चीजच्या बाजूने, काचेला फाट्‌दिशी चिकटला. मेले मी, म्हणत आजीने डोळे मिटले.

उघडून बघते तर सिव्हर्त हसतोय. हसता हसता अंगातलं लाकूड गेलं, हातपाय सुटले. योस्टाइनने हळूच हात काढून घेतला आणि पोरगं तरंगलं. एकटं. आजी काचेला हात लावून रडत होती, त्या पावाच्या शेजारीच.

योस्टाइनने तिला चांगलंच झापलं. काचही तिलाच पुसायला लावली. तिने निमूट पुसली आणि दुसरी पुडी त्याच्यापुढे धरली. त्याने फुरंगटूनच एक पाव घेतला.

परतताना सुन्निवाचा फोन आला.

"आई, मी उडालो, एकटा," सिव्हर्त म्हणाला. "आणि आजीने काहीच आणलं नव्हतं."

पलीकडे सुन्निवाने कान टवकारले.

"तोंडात काय आहे रे तुझ्या?"

सिव्हर्तने आजीकडे बघितलं. आता लपवून काय उपयोग, म्हणून आजीने मान डोलावली.

"चीज-पाव," तो म्हणाला.

सुन्निवाने सुस्कारा सोडला. मग हळूच विचारलं, "माझ्यासाठी उरलाय का एखादा?"